दहा जागांचा लोगो आणि त्यातून निघालेला आख्खा फाँट: आवाँ गार्द गॉथिकचं प्रकरण

लोगो पास झाला की क्लायंटचा पुढचा मेसेज काय असणार हे या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "आता बाकीचं सगळं पण याच फाँटमध्ये करून टाका ना." मग आपण समजावत बसतो की अहो हा फाँट नाहीये, ही तुमच्या नावापुरती हाताने काढलेली सात-आठ अक्षरं आहेत, बाकीची अक्षरं अस्तित्वातच नाहीत, आणि समोरच्याला वाटतं हा आता जास्तीचे पैसे मागायची तयारी करतोय. तर ही मागणी एकदा खरोखरच पुरी केली गेली, तीही दणक्यात, आणि त्यातून जे निघालं ते पन्नास वर्षं झाली तरी निस्तरणं चालूच आहे. न्यूयॉर्क, १९६८ ते १९७०, फाँटचं नाव आयटीसी आवाँ गार्द गॉथिक. गोल एकदम गोल, रेघा एकदम सरळ, ठसठशीत, हेडलाइनसाठी जन्मलेला. तुम्ही नाव ऐकलं नसेल तरी बघितलाय शंभर टक्के.

आधी माणसं सांगतो कारण त्याशिवाय गोष्ट कळत नाही. राल्फ गिन्झबर्ग नावाचा एक प्रकाशक होता, वाद अंगावर घेणं हाच ज्याचा धंदा. १९६२ मध्ये त्याने 'इरॉस' काढलं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, देखणं, विषय नावातच आला, चार अंक निघाले आणि पोस्टातून अश्लील मजकूर पाठवल्याची केस लागली. ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९६६ मध्ये शिक्षा कायम झाली आणि १९७२ मध्ये तो आठ महिने आत जाऊन आला. मधल्या काळात 'फॅक्ट' काढलं, त्यात बॅरी गोल्डवॉटर या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या मानसिक आरोग्यावर अंक काढला, तिथे अब्रुनुकसानीचा दावा हरला. असा माणूस. आणि या प्रत्येक उद्योगात त्याच्याबरोबर आर्ट डायरेक्टर म्हणून हर्ब लुबालिन. लुबालिन म्हणजे अक्षरांचं चित्र करणारा माणूस, अक्षर वाचायचं असतं त्याआधी ते बघितलं जातं हे त्याच्या कामात सगळीकडे दिसतं. रंग त्याला नीट ओळखता यायचे नाहीत, त्यामुळे काळं-पांढरं हेच त्याचं मैदान होतं असं मला कायम वाटत आलंय, पण हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.

तिसरं मॅगझिन 'आवाँ गार्द', जानेवारी १९६८ ला पहिला अंक. जवळजवळ चौकोनी आकार, युद्धविरोधी, सेक्सविषयी मोकळं, चित्रकला-फोटोग्राफीला पानंच्या पानं. बर्ट स्टर्नने काढलेले मेरिलिन मन्रोचे फोटो, पिकासोची कामुक चित्रं, जॉन लेननची लिथोग्राफ्स, सगळं यात येऊन गेलं. एकूण अंक चौदा, १९७१ मध्ये बंद. तर या मॅगझिनच्या मास्टहेडचा, म्हणजे मुखपृष्ठावरच्या नावाच्या लोगोचा, प्रश्न होता, कारण 'आवाँ गार्द' हे शब्द तेव्हाही घासून गुळगुळीत झालेले, त्यात नवं काय दाखवणार. लुबालिनचे सुरुवातीचे प्रयत्न गिन्झबर्गला पसंत पडेनात. शेवटी गिन्झबर्गची बायको शोशाना लुबालिनला जाऊन भेटली आणि तिने हाताने दाखवलं की एक जेट विमान धावपट्टीवरून तिरकं वर चढतंय, भविष्याकडे, तसं काहीतरी हवंय. ब्रीफ एवढंच. आजकाल वीस पानी ब्रीफ येतात आणि त्यात कळत काही नाही, इथे एक हात तिरका वर गेला आणि काम झालं.

अक्षरं जवळून बघा

इंग्रजीत हे नाव दोन ओळींत पाच-पाच अक्षरांचं, म्हणजे दहा जागा. पण वेगळी अक्षरं मोजा, आठच आहेत, कारण ए तीनदा येतो. आता पहिली ओळ बघा: ए, व्ही, ए, एन, टी. यातल्या पहिल्या चारही अक्षरांत तिरकी रेघ आहे. ए चा उजवा पाय जसा उतरतो त्याला समांतर व्ही चा डावा हात उतरतो, व्ही चा उजवा हात वर जातो त्याला समांतर पुढच्या ए चा डावा पाय, म्हणजे ही तिन्ही अक्षरं एकमेकांत शेजारी-शेजारी बसवता येतात, मधे केसभर फट ठेवून. विमानाचा तो चढ या नावात आधीपासूनच होता, लुबालिनने तो ओळखला आणि आवळला. एन आणि टी जोडून एकच आकार केला. खालच्या ओळीत जी चा मोठा गोल आणि त्यात घुसलेला ए. बाकी रेघांची जाडी सगळीकडे एकसारखी, टोकांना काही नखरे नाहीत, गोल म्हणजे कंपासने मारलेला वाटावा असा.

वाटावा असा म्हणतोय कारण कंपासने मारलेला गोल छापील अक्षरात कधीच बरोबर दिसत नाही, तो शेजारच्या सरळ अक्षरापेक्षा बारका दिसतो, म्हणून ओ थोडासा रेषेच्या वर आणि खाली काढावा लागतो. आणि जाड वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) तर अजून भानगड, जिथे गोल सरळ दांडीला येऊन मिळतो तिथे शाई साचल्यासारखा काळा ठिपका दिसतो, तो मारायला त्या जागी रेघ हळूच बारीक करावी लागते. जिओमेट्रिक फाँट म्हणजे भूमिती असं सगळ्यांना वाटतं, खरं तर भूमितीचा भास टिकवण्यासाठी किती ठिकाणी भूमिती मोडावी लागते हेच त्यातलं काम आहे. चार वर्तुळं आणि दोन रेघा इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून "मी फाँट बनवला" म्हणणाऱ्या पोरांना हे पहिल्या प्रिंटआउटला कळतं.

लुबालिनच्या स्केचवरून पक्कं लेटरिंग त्याच्या स्टुडिओतल्या टॉम कार्नेसने केलं. आणि मग मॅगझिनच्या आत वेगवेगळ्या सदरांची शीर्षकं याच चेहऱ्यात हवी झाली, म्हणजे क्लायंटचा तोच मेसेज, "बाकीचं पण याच्यातच करा". कार्नेसने लागतील तशी अक्षरं काढत काढत पूर्ण कॅपिटल वर्णमाला उभी केली. आठ अक्षरं हातात होती, अठरा नवीन. फाँटच्या नावापुढे आज दोघांची नावं लागतात, पण लोक बोलताना लुबालिनचा फाँट म्हणतात आणि कार्नेसचं नाव गिळतात, जे मला पटत नाही. लोगोची कल्पना लुबालिनची, मान्य, पण अठरा अक्षरं अशी काढायची की ती त्या आठांच्या पंगतीत बसली पाहिजेत, हे काम कल्पनेपेक्षा हलकं नाही.

खिळे गेले, फिल्म आली

हे सगळं नेमकं याच वेळी का घडलं याचं उत्तर मशीनमध्ये आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात हे जमलंच नसतं. खिळा म्हणजे एक चौकोनी ठोकळा, त्याच्या डोक्यावर अक्षर, आणि दोन ठोकळे एकमेकांना टेकले की संपलं, त्याहून जवळ जायचं तर जुळाऱ्याने कानस घेऊन खिळा घासायचा. ए आणि व्ही शेजारी आले की मधे भलंमोठं भगदाड पडायचं ते त्यामुळेच. साठच्या दशकात फोटोटाइपसेटिंग जोरात आलं, त्यात अक्षर म्हणजे फिल्मवरची नेगेटिव्ह, त्यातून उजेड टाकायचा आणि फोटोच्या कागदावर अक्षर उमटवायचं, तर उजेडाला ठोकळा नसतो, अक्षरं हवी तेवढी जवळ आणा, एकमेकांवर चढवा, कोण अडवणार. लुबालिन आणि त्याच्या पिढीने या मोकळीकीचा पुरेपूर वापर केला. अक्षरं घट्ट बसवायची पण चिकटू द्यायची नाहीत, ही त्या काळातल्या न्यूयॉर्कची फॅशनच झाली.

१९७० मध्ये लुबालिन, आरन बर्न्स आणि एडवर्ड राँडथेलर या तिघांनी इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन काढली, म्हणजे आयटीसी. (आपली सिगारेट-आटावाली नव्हे.) यांच्याकडे स्वतःचं मशीन काही नव्हतं. अमेरिकेत अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे फोटोटाइपच्या जमान्यात एकाचा फाँट दुसऱ्याने फिल्मवर मारून विकणं सर्रास चालायचं. आयटीसीने उलटा विचार केला, चोरी थांबवता येत नाही ना, मग विकतच घेणं सोपं करून टाकूया: आम्ही मूळ ड्रॉइंग देतो, कुठल्याही मशीनवाल्या कंपनीने लायसन घ्यावं, डिझायनरला रॉयल्टी मिळेल. आणि दुकान उघडताना शोकेसमध्ये मांडलेला पहिला माल म्हणजे आवाँ गार्द गॉथिक. आता लोअरकेसही, म्हणजे छोटी अक्षरंही, आलं, एक्स्ट्रा लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं आली, पुढे १९७४ मध्ये एड बेंग्विटने कंडेन्स्ड, म्हणजे अरुंद केलेला, काढला, १९७७ मध्ये तीन स्विस डिझायनरांनी तिरके. याच सांगाड्याला चौकोनी सेरिफ (अक्षराच्या टोकांना जोडलेले पाय) लावून लुबालिन ग्राफ नावाचा वेगळा फाँटही निघाला. १९७३ पासून आयटीसीचं 'यू अँड एलसी' नावाचं टॅब्लॉइड निघायला लागलं, लुबालिनच त्याचं डिझाइन करायचा, त्यात आयटीसीचे फाँट असे काही नाचवायचा की बघणाऱ्याला वाटावं आपल्याकडे हा फाँट आला की आपणही असंच करू.

आणि तिथेच गाडी घसरली

कारण फाँटबरोबर लिगेचर (दोन अक्षरं जोडून केलेला एकच आकार) आणि तिरकी अक्षरं ढीगभर दिली होती. सी-ए, एल-ए, आर-ए, टी-एच, एन-टी असे जोड, शिवाय तिरका ए, तिरका व्ही, तिरका एम, तिरका एन वगैरे वगैरे. ही सगळी खरं म्हणजे त्या एका लोगोची युक्ती, सुटी करून डब्यात भरलेली. लोकांनी डबा उघडला आणि सगळंच जेवणात ओतलं. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन जाहिराती आणि दुकानांच्या पाट्या बघा, प्रत्येक ए कुठल्यातरी बाजूला कललेला, शेजारच्या अक्षराला ते झेपतंय की नाही याचा विचार नाही.

करून बघा पाहिजे तर. इंग्रजीत 'हॉटेल' लिहा: एच, ओ, टी, ई, एल. एकही तिरकी रेघ नाही. म्हणजे या फाँटची जी जादू आहे तिला धरायला इथे खुंटीच नाही, ओ तेवढा भला मोठा गोल येणार आणि ई-एल त्याच्यापुढे किरकोळ दिसणार. आता 'हॅट' लिहा आणि मधला ए तिरका घाला. एच ची दांडी उभी, ए कललेला, मधे एक लांबट त्रिकोणी भोक, आणि शब्द प्यायल्यासारखा एका बाजूला झुकतो. तिरक्या अक्षराला शेजारी तिरकं अक्षर लागतं किंवा मग ज्याच्या पोटात शिरता येईल असा गोल लागतो, उभ्या दांडीशी त्याचं पटत नाही. मूळ लोगोत दहापैकी पाच जागा तिरक्या रेघेच्या होत्या, व्ही एक, एन एक, ए तीन, आर चा पाय धरला तर सहा. हे प्रमाण इंग्रजीतल्या किती नावांत असतं? एड बेंग्विट, ज्याने स्वतः या घराण्याचा कंडेन्स्ड काढला, तो म्हणायचा की हा फाँट फक्त आवाँ गार्द याच शब्दांत चांगला दिसतो, बाकी सगळे त्याची वाट लावतात, अक्षरं चुकीच्या बाजूला कलवतात. घरच्याच माणसाचं मत आहे हे.

मला ते थोडं जास्त कडक वाटतं, कारण सरळ कॅपिटल, बोल्ड किंवा डेमी (बोल्डहून थोडा हलका), दोन-तीन शब्द, कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर) हाताने, एवढ्यात ठेवलं तर हा फाँट आजही उभा राहतो. पण लोअरकेसबद्दल माझी तक्रार बेंग्विटपेक्षा मोठी आहे. त्यात ए एकमजली, म्हणजे गोल आणि दांडी. बी, डी, पी, क्यू पण गोल आणि दांडी, फक्त दांडीची जागा वेगळी. ओ गोल, सी कापलेला गोल, ई आडवी रेघ मारलेला गोल. हेडलाइनच्या मापात हा सारखेपणा शिस्तीसारखा दिसतो, छान वाटतं, पण तोच बारा पॉइंटात परिच्छेदभर लावा, डोळ्यांना धरायला काही उरत नाही, नुसती मण्यांची माळ. १९२७ च्या फ्युचुरा या फाँटमध्ये पॉल रेनरने हेच गोल वापरले पण लोअरकेसचा मधला भाग लहान ठेवला आणि वरच्या दांड्या उंच काढल्या, त्यामुळे शब्दाला वरून एक बाह्याकार मिळतो, वाचताना तो मदतीला येतो. आवाँ गार्दमध्ये आयटीसीच्या चालीप्रमाणे एक्स-हाइट (लोअरकेसच्या त्या मधल्या भागाची उंची) मोठी, दांड्या आखूड, म्हणजे तोही आधार गेला. हेडलाइनला तेच फायद्याचं, कमी उंचीत मोठं दिसतं. पुस्तकाला तेच मारक.

प्रिंटरमध्ये फुकट

नंतर जे झालं त्याला मी दुसरा अपघात म्हणतो. १९८६ मध्ये ॲपलचा लेझररायटर प्लस आला, त्यात पोस्टस्क्रिप्टचे (प्रिंटरला पान समजावून सांगणारी भाषा) पस्तीस फाँट आतच भरलेले, आणि त्यांत आवाँ गार्द गॉथिकचे चार: बुक, डेमी आणि दोघांचे तिरके. म्हणजे ऑफिसात ज्याला ज्याला प्रिंटर होता त्याला त्याला हा फाँट, सर्क्युलरला, पत्त्याला, बिलाला, कशालाही. त्यातून १९९६ मध्ये यूआरडब्ल्यू या जर्मन कंपनीने त्या पस्तीस फाँटांच्या आपल्या आवृत्त्या मोकळ्या करून टाकल्या, त्यातला यूआरडब्ल्यू गॉथिक म्हणजे हाच, आणि तो लिनक्सच्या मशीनवर कुठे ना कुठे पडलेला असतो, तुमच्याही असेल.

पण चारात बोल्ड नव्हताच, आणि लिगेचर एकही नाही, तिरकी अक्षरं नाहीत. तेव्हाच्या डिजिटल फाँटमध्ये जागाच एवढी मर्यादित की नेहमीची अक्षरं, आकडे, चिन्हं आणि युरोपातली स्वरचिन्हं भरली की झालं. शिवाय अक्षरांमधलं अंतर मजकुराच्या हिशोबाने सैल. थोडक्यात ज्या तीन गोष्टींसाठी हा फाँट जन्माला आला, म्हणजे आवळलेलं अंतर, जोड आणि कल, त्या तिन्ही बाजूला काढून उरलेला सांगाडा जगभर वाटला गेला, आणि एका आख्ख्या पिढीला वाटलं की आवाँ गार्द म्हणजे तो प्रिंटरमधला गोल-गोल कंटाळवाणा फाँट. सत्तरच्या दशकात लोकांनी मसाला जास्त टाकून बिघडवला आणि ऐंशीच्या दशकात मशीनने मसालाच काढून घेतला, दोन्ही वेळा दोष फाँटच्या नावावर.

आता आपल्याकडची बाजू, थोडक्यात. देवनागरीत असा जाड जिओमेट्रिक फाँट करायचा तर लुबालिनची निम्मी हत्यारं चालतच नाहीत. अक्षरं चिकटू न देता घट्ट बसवायची म्हणता, आपल्याकडे शिरोरेषा मुळात चिकटलेलीच, त्यामुळे अंतराचा सगळा खेळ तिच्या खाली, काना आणि पुढच्या अक्षराच्या पोटात. लिगेचर तर आपल्याला हौसेची गोष्ट नाही, जोडाक्षराशिवाय मराठी लिहिताच येत नाही. गोल म्हणाल तर व, ब, क यांत चांगला मिळतो, पण श, ध, भ यांच्या गाठी आल्या की जाड वजनात पोकळी बंद व्हायला लागते आणि वर्तुळाचा हट्ट सोडावा लागतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स बघा, देवनागरी निनाद काळेंची, लॅटिन जॉनी पिनहॉर्नचं, नऊ वजनं. त्यात लॅटिन कॅपिटल मुद्दाम देवनागरी अक्षरांपेक्षा बुटकी ठेवलीत, म्हणून मराठी-इंग्रजी एका ओळीत आलं तरी इंग्रजी डोक्यावर बसत नाही. आज आपल्याकडे निम्म्या ॲपमध्ये आणि लग्नपत्रिकेपासून नगरसेवकाच्या फ्लेक्सपर्यंत पॉपिन्स दिसतो, आणि सवय तीच, हेडलाइनलाही तोच, खालच्या बारीक मजकुरालाही तोच. फुकट मिळणाऱ्या चांगल्या फाँटचं हे असंच होतं बहुतेक.

आवाँ गार्दचं पुढे असं झालं की २००५ च्या सुमारास ओपनटाइप या फाँटच्या फॉरमॅटमध्ये प्रो आवृत्ती आली आणि कार्नेसच्या काळातले जोड, तिरकी अक्षरं सगळं परत मिळालं. आता इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनल उघडून एक टिक मारली की एल-ए आपोआप जुळतात. सॉफ्टवेअरला शेजारचं अक्षर कुठलं एवढं कळतं, त्यानंतरचा शब्द कसा दिसतोय ते कळत नाही, म्हणून मी ती टिक काढून ठेवतो आणि ग्लिफ्स पॅनलमधून, म्हणजे फाँटमधल्या सगळ्या आकारांच्या यादीतून, एकेक जोड हाताने घालतो, एका नावात एक, फार तर दोन. परवाच एकाने कॅफेच्या नावाचं डिझाइन दाखवायला पाठवलं, आवाँ गार्द बोल्ड, तीन ए, तिन्ही तीन दिशांना, आणि खाली "रेट्रो लुक". मी दोन ए सरळ करून परत पाठवलंय, अजून उत्तर आलेलं नाही.